कापड उलटून पाहताना

गोटगोडीच्या उत्सव रॉक गार्डनमध्ये माझ्या मेहुण्यांनी एका पुतळ्याला विचारलं, प्यायचं पाणी कुठं मिळेल. मराठीतून विचारलं होतं, त्यामुळे उत्तर आलं नाही याचं त्यांना काही वाटलं नाही. गडी कानडी असेल म्हणून त्यांनी ओंजळ तोंडाशी नेऊन खूण केली. तरी कट्ट्यावरचा मुंडासेवाला ढिम्म. मागे बहिणीला हसू आवरेना, तेव्हा कुठे उलगडा झाला. दिवसभर त्यांची चेष्टा झाली, ते सोडा. मला लक्षात राहिलं ते पुढचं. फसलो हे कळल्यावर मेहुणे तिथून हलले नाहीत. पुतळ्याला वळसा घालून मागे गेले, वाकून त्याच्या टाचा बघितल्या आणि म्हणाले, "भेगासुद्धा पाडल्यात की!"

पाहणाऱ्याला थक्क करणाऱ्या कलेचा आज सुकाळ आहे. पोरांच्या मोबाइलवर रोज एक नवं आश्चर्य येऊन पडतं. कुणी चप्पल सुरीने कापतो, आत केक निघतो. कुणी रस्त्यावर खडूने दरी काढतो, बायका साडी सावरून बाजूने जातात. "वा!" म्हणायचं आणि अंगठ्याने वर सरकवायचं. तो केक दुसऱ्यांदा कुणी बघत नाही. म्हणून या सगळ्या पसाऱ्याचा हिशेब मांडताना मेहुण्यांनी वाकून बघितलेल्या त्या टाचा मी मोजमापाला धरल्या आहेत. गंमत कळल्यावर माणूस निघून जातो, की मागे जाऊन बघतो?

मी राहतो केलगेरीत. धारवाडच्या पश्चिमेला, गोव्याच्या रस्त्यावरची ही वस्ती. तलाव, त्याच्या कडेने सकाळी फिरणारी पेन्शनर मंडळी, आणि हुबळी-धारवाड महानगरपालिकेत येऊनही न गेलेलं गावपण. इथे आर्ट गॅलरी नाही. आधुनिक कलेबद्दल लिहायला ही जागा चमत्कारिक वाटेल. पण एका अंगाला गोवा, दुसऱ्या अंगाला कोल्हापूर, उत्तरेला विजापूर आणि दक्षिणेला गोटगोडी असं हे ठिकाण आहे. शिवाय शेजारी कसूती काढणाऱ्या अक्का आहेत. त्यांच्याकडे शेवटी येतो.

हुबेहूबपणापासून सुरुवात करू, कारण लोकांना सगळ्यांत आधी तोच भुलवतो. हावेरी जिल्ह्यात शिग्गावजवळ, पुणे-बंगळूर महामार्गालगत, टी. बी. सोलबक्कनवर या चित्रकाराने हे रॉक गार्डन उभं केलं. दोड्डाट या कानडी लोकनाट्याला उभारी देण्यासाठीही त्यांनी बरंच केलं. २०२० मध्ये ते गेले. उत्तर कर्नाटकातलं अख्खं खेडं त्यांनी माणसाच्या उंचीच्या पुतळ्यांत मांडलं आहे. घरं, अंगणं, गुरं, कट्ट्यावरच्या गप्पा. नाटकवाल्या माणसाचा हात त्यात दिसतो, कारण एकही पुतळा नुसता उभा नाही. प्रत्येकाला काहीतरी काम दिलेलं आहे. कोल्हापूरजवळ कणेरी मठाचं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयही त्याच जातीचं. बारा बलुतेदार आपापल्या कामात गढलेले, आणि सहलीची पोरं त्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढणारी.

जाणकार मंडळी या दोन्ही जागांना नाक मुरडतात. सिमेंटचे रंगवलेले पुतळे, यात कला कसली, असा त्यांचा सूर. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. पण नातवाला घेऊन गेलो तेव्हा एक मजा बघितली. पुतळा खरा की खोटा, हा प्रश्न त्याचा पाच मिनिटांत संपला. त्यानंतर त्याने जात्याकडे बोट दाखवून विचारलं, हे काय आहे? आमच्या पिढीला माणूस बघून नवल वाटतं, त्याच्या पिढीला वस्तू बघून. म्हणजे पुतळे आहेत तिथेच आहेत, आश्चर्य मात्र माणसावरून जात्यावर सरकलं. आणखी पंचवीस वर्षांनी ते कशावर जाईल, कुणास ठाऊक. एवढं ज्या जागेत घडतं तिला केकवाल्या चपलेच्या रांगेत बसवता येत नाही.

हुबेहूबपणाचं वेड आपल्याकडे जुनंच. मयासुराने पांडवांना बांधून दिलेली सभा म्हणजे या प्रकाराची आदिमाया. जमिनीला पाणी समजून दुर्योधनाने वस्त्र आवरलं, पाण्याला जमीन समजला आणि धपकन आत पडला. हसलं कोण, द्रौपदी की भीम, यावर कीर्तनकार आणि संशोधक यांचं अजून जमलेलं नाही. पण त्या हसण्याची किंमत काय पडली हे सर्वांना माहीत आहे. पाहणाऱ्याला फजित करून थांबणारी कला त्याला शत्रू करते. आजच्या कितीतरी 'धक्कादायक' प्रदर्शनांतून लोक असेच, दुर्योधनासारखे, ओले होऊन बाहेर पडतात आणि आयुष्यात पुन्हा गॅलरीची पायरी चढत नाहीत. उलट गुणवंत मांजरेकरांची रांगोळी. जमिनीवर बोटाच्या चिमटीतून सोडलेल्या भुकटीचं जिवंत व्यक्तिचित्र झालेलं बघून लोक हात मागे बांधून उभे राहत. ती रांगोळी आहे हे आधीच माहीत असे. नवल वाटायचं ते माहीत असूनही डोळ्यांना पटत नसे म्हणून.

विजापूरच्या गोलघुमटाचंही तेच. तिथे आवाज घुमतो हे शाळेच्या पुस्तकात छापलेलं आहे. १६५६ साली मुहम्मद आदिलशहा गेला आणि त्या घुमटाखाली त्याला ठेवला. तेव्हापासून सगळ्यांना गुपित ठाऊक. तरी आजही वरच्या सज्जात चढलेला प्रत्येक माणूस एक टाळी वाजवतोच.

आता दुसरा प्रकार: वस्तू ओळखीची, पण भलत्याच पदार्थाची. यात मराठी कलावंतांनी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे केलं आहे त्याची आपल्याकडे म्हणावी तशी चर्चा होत नाही. मुंबईचे सुनील गावडे २००९ च्या व्हेनिस बिएनालेत होते. तिथे त्यांनी लाल गुलाबांचे लांबलचक हार टांगले. लांबून बघावं तर लग्नाच्या मांडवाची आठवण यावी. जवळ जावं तर प्रत्येक पाकळी म्हणजे दाढीचं ब्लेड, लाल रंगवलेलं. नाव 'व्हर्चुअली अनटचेबल'. आपल्याकडे हार ही बघण्याची वस्तू नाहीच. ती गळ्यात घालण्याची, हातात घेण्याची वस्तू. त्यामुळे धक्का डोळ्याला बसत नाही, तो आधी मानेला बसतो. आणि मला तरी १९९१ च्या मे महिन्यातली श्रीपेरुंबुदूरची राजीव गांधींच्या हत्येची ती रात्र आठवल्याशिवाय राहत नाही. हाराचं निमित्त करून जवळ आलेली आणि पाया पडायला वाकलेली ती मुलगी. इथे ब्लेड कळल्यावर काम संपत नाही, तिथून ते चालू होतं.

शर्मिला सामंत यांनी १९९९ मध्ये साडी केली, ती कोकाकोलाच्या बाटल्यांच्या बुचांची. बूच बुचाला कड्यांनी जोडून. आर्थिक उदारीकरणाला तेव्हा आठ वर्षं झाली होती आणि कोकाकोला पुन्हा भारतात येऊन सहा. त्या काळी कुणी दहा पानांचा लेख लिहून जे सांगितलं असतं ते या साडीने एका दृष्टिक्षेपात सांगितलं. नावात 'हातमागाची' नव्हे पण 'हाताने केलेली साडी' असा शब्दप्रयोग आहे, तोही मिस्कील आहे. ती नेसता येत नाही, हे वेगळं सांगायला नको. पण इथल्या बायकांना त्या साडीचं चित्र दाखवलं तेव्हा पहिला प्रश्न आला: "पदर कुठला?" मला हा प्रश्न फार आवडला. कलासमीक्षकाला तो सुचला नसता.

भद्रावतीत जन्मलेल्या शीला गौडा यांनी १९९८ मध्ये असंच काहीसं केलं. सुयांत ओवलेल्या लांबच लांब दोऱ्यांना कुंकवाने माखून त्यांचे जाड दोर वळले. ते लाल दोर भिंतीवरून, छतावरून, जमिनीवरून फिरत राहतात, आणि एका टोकाला सगळ्या सुया एकत्र लोंबत असतात. दुरून आतडी वाटावीत. ज्या घरात सुई आणि कुंकू एकाच डब्यात असतात त्या घरातल्या माणसाला हे काम समजावून सांगावं लागत नाही.

तिसरा प्रकार जागेचा. सुदर्शन शेट्टी मूळचे मंगळूरचे, वाढले आणि शिकले मुंबईत. वांद्रे-कुर्ला संकुलात २०१२ मध्ये त्यांनी लाल डबलडेकर बस उभी केली आणि तिला पोलादाचे पंख लावले. त्या वेळी मुंबईकरांनी ती गंमत म्हणून घेतली. ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाचं स्वप्न, इतकंच. मग १५ सप्टेंबर २०२३ रोजी 'बेस्ट'ची जुनी डिझेलवरची डबलडेकर शेवटची धावली. आता त्या बसचे पंख बघितले की वेगळंच वाटतं. कलाकृतीत एक खिळाही बदलला नाही, रस्ता बदलला. शिल्पकाराला हे आधी माहीत नसणार, पण चांगल्या कामाला असं नशीब लाभतं. जी. ए. कुलकर्णी याच धारवाडात इंग्रजी शिकवत आणि कथा लिहीत होते. त्यांच्या कथेचा शेवट माहीत असूनही दुसऱ्या वाचनात धसका जास्त बसतो, तसलंच काहीतरी.

गोव्यात सुबोध केरकर डॉक्टरकी सोडून समुद्रकिनाऱ्यावर काम करायला लागले. शिंपले, माडाच्या झावळ्या, होड्या, आणि भरतीच्या वेळेचा हिशेब. काही कामं पाण्याने नेण्यासाठीच केलेली. पिळर्णला त्यांनी २०१५ मध्ये म्युझियम ऑफ गोवा काढलं. मिरचीचं ते अवाढव्य शिल्प बघितलं तेव्हा मी आधी हसलो. मग आठवलं की मिरची इथली नाहीच, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. आमच्या ब्याडगी मिरचीचं गाव हावेरी जिल्ह्यात, त्याचा कोण अभिमान आम्हाला! आणि तिचं मूळ अमेरिका खंडात. आपल्याच ताटातला परदेशी पाहुणा कुणीतरी माणसाएवढा करून समोर ठेवावा लागतो, तेव्हा दिसतो. पणजीत २०१६ पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी महोत्सव भरतो. केलगेरीहून सकाळी निघून तिथे जाता येतं, पण अळणावर-रामनगर वाटेचा रस्ता कसा आहे हे आधी विचारून निघावं.

तुषार जोग (१९६६–२०१८) यांच्याबद्दल खरं तर स्वतंत्र लेख लिहायला हवा. त्यांनी 'युनिसेल' नावाची एक बनावट सरकारी वाटावी अशी यंत्रणा काढली आणि नागरिकांच्या अडचणींवर गंभीर चेहऱ्याने विनोदी यंत्रं सुचवली. २०१० मध्ये मोटारसायकलचं नाव डॉन किहोतेच्या घोड्यावरून रोसिनांते ठेवून ते मुंबईहून शांघायला निघाले. वाटेत एकीकडे सरदार सरोवर, दुसरीकडे चीनचं थ्री गॉर्जेस धरण. दोन्हीकडे पाण्याखाली गेलेली गावं. त्यांचा प्रवास ५३ दिवसांचा होता आणि तो प्रवास हीच कलाकृती. 'ही कसली कला, फिरून आला' असं म्हणणाऱ्याला माझ्याकडे उत्तर नाही. पंढरपूरला पायी जाऊन आलेल्याला आपण तसं म्हणत नाही, एवढंच.

इथे केळ्याचा विषय टाळता येणार नाही. मौरिझिओ कात्तेलान या इटालियन कलावंताने २०१९ च्या डिसेंबरात मायामीला भिंतीवर चिकटपट्टीने केळं लावलं. १,२०,००० डॉलरला ते विकलं गेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याच्याच एका प्रतीला ६२ लाख डॉलर आले, आणि घेणाऱ्याने ते खाऊन टाकलं. १९१७ साली मार्सेल द्युशाँने मुतारीचं भांडं प्रदर्शनाला पाठवलं त्याची ही शंभर वर्षांनंतरची कढी. द्युशाँचा धक्का खरा होता, कारण त्याच्या आधी 'हीसुद्धा कला का?' हा प्रश्न कुणी असा विचारला नव्हता. केळ्याला वळसा घालून मागे जावं तर मागे भिंत. माझं मत विचाराल तर ती कला किमतीची आहे, केळ्याची नाही. धारवाडच्या बाजारात डझनाला काय भाव आहे हे सांगून मी विनोद करणार नाही. तो सगळ्यांनी करून झाला आहे.

यापेक्षा प्रभाकर पाचपुते बघा. चंद्रपूर जिल्ह्यातलं सास्ती हे कोळसा खाणीचं गाव. घरात पिढ्यान्‌पिढ्या खाणकाम. हा मुलगा शिल्पकला शिकला आणि चित्रं काढायला लागला तो कोळशाने. थेट भिंतींवर. माणसांच्या धडावर डोक्याच्या जागी अवजारं, यंत्रं, दिवे. २०२१ मध्ये वेल्समधला आर्टेस मुंडी पुरस्कार अंतिम फेरीतल्या सहाही जणांत वाटून दिला गेला, त्यांत ते होते. २०२२ मध्ये व्हेनिसलाही. आश्चर्य त्या विचित्र डोक्यांचं नाही. ज्या कोळशाने घर चाललं, फुप्फुसं काळी झाली, त्याच कोळशाने माणूस चित्र काढतो, आणि प्रदर्शन उठलं की ती भिंत पुसली जाते. खाणीतून काढलेला पदार्थ भिंतीवर बसतो आणि परत धूळ होतो.

कलेकडून डिझाइनकडे आलं की धक्क्याचा आवाज कमी होतो. डिझाइनमध्ये आश्चर्य मोठ्याने बोललं तर वस्तू वापरता येत नाही. स्वच्छ भारत अभियानाचं बोधचिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांचं. २०१४ मध्ये देशभरातून आलेल्या कल्पनांमधून ते निवडलं गेलं. गांधीजींचा चष्मा, एका काचेवर 'स्वच्छ', दुसऱ्या काचेवर 'भारत'. किती सोपं! गांधींचं नाक नाही, डोळे नाहीत, टक्कल नाही, तरी चष्मा कुणाचा हे विचारावं लागत नाही. जे काढलं नाही त्यात सगळी हुशारी आहे. रुपयाच्या चिन्हाचंही तसंच. मुंबई आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातल्या डी. उदयकुमार यांचं चिन्ह १५ जुलै २०१० ला सरकारने स्वीकारलं. र आणि इंग्रजी आर एकमेकांत, वर शिरोरेघ. देवनागरीची शिरोरेघ ही आपण रोज काढतो आणि कधीच बघत नाही. ती एकदम पैशाच्या डोक्यावर जाऊन बसली.

आणि चप्पल. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, विजापूर आणि आमचं धारवाड. सीमावाद न्यायालयात आहे, चपलेत तो केव्हाच मिटला. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाच्या फॅशन शोत पुरुष मॉडेलांच्या पायांत त्या दिसल्या. नाव, गाव काही नाही. 'लेदर सँडल' एवढंच. इकडे गदारोळ झाला, मग कंपनीने मूळ भारतीय कारागिरीत आहे हे मान्य केलं. त्या हॉलमधल्या प्रेक्षकांना ती चप्पल नवीन, धाडसी वाटली असेल. आमच्याकडे ती दारात उलटी पडली तर भांडण होतं म्हणून घाईने सुलटी करतात. आश्चर्य वस्तूत किती आणि पाहणाऱ्याच्या अज्ञानात किती, याचा असा चोख प्रयोग कुणी ठरवूनही केला नसता. केक असलेली चप्पल आणि ही चप्पल, दोन्ही एकाच मोबाइलवर एकाच आठवड्यात बघितल्या मी.

आता अक्का. वय सत्तरीच्या पुढे, मराठी तोडकंमोडकं, माझं कानडीही तसंच, आमचं जमतं. कसूती म्हणजे मराठवाडा-सोलापूरकडच्या बायकांनाही माहीत असलेलं भरतकाम. इरकल साडीवरचं गोपुर, रथ, अंबारीचा हत्ती, तुळशीवृंदावन, मोर, पोपट. नवरीला काळ्या चंद्रकळेवर कसूती काढून द्यायची इथली जुनी रीत. एकदा मी त्यांचं काम हातात घेऊन कौतुकाने बघत होतो, तर त्या म्हणाल्या, "सर, उलटं धरून बघा की." मी कापड उलटं केलं. मग पुन्हा सुलटं केलं. मग मला कळेना, मी कुठल्या बाजूने सुरू केलं होतं.

कसूतीचे टाके चार. गवंती, मुरगी, नेगी, मेंथी. यांतले दोनच, गवंती आणि मुरगी, दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात. नेगी विणल्यासारखा दिसतो, त्याची मागची बाजू पुढच्याच्या उलट. मेंथी म्हणजे मेथीच्या दाण्यासारखी फुली, भरीव जागेसाठी. खरी कमाल गवंतीची. पेन्सिलीने नक्षी काढायची नाही. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे, चार वर, चार खाली. सुई एक टाका वर, एक टाका खाली अशी पुढे जाते, तेव्हा वर रेघ तुटक दिसते आणि खालीही तुटकच. मग त्याच वाटेने परतायचं. येताना वरच्या फटी भरतात, त्याच वेळी खालच्याही. कुठे गाठ नाही. गंटु म्हणजे कानडीत गाठ, त्यावरून गवंती नाव आलं असं सांगतात. नावात गाठ आहे, टाक्यात नाही. दोऱ्याचं टोक आधीच्या टाक्यांखाली दडवायचं. आणि एखादा धागा मोजायला चुकला तर ती चूक परतीच्या वाटेवरच कळते, तोवर पाव गोपुर उभं राहिलेलं असतं. अक्कांनी माझ्यासमोर असं पाव गोपुर उसवलं. तोंडातून अवाक्षर न काढता.

मला वाटलं होतं, ही नुसती चिकाटीची गोष्ट. तशी नाही. इतक्या फांद्या असलेल्या नक्षीत सुई कुठल्या फांदीला आधी न्यायची, कुठून परतायचं, म्हणजे सगळ्या रेघा दोनदा होतील आणि दोरा सुरू केला तिथेच येऊन पोचेल? हे कोडं गणितातलं आहे. १७३६ मध्ये ऑयलरने कोनिग्सबर्गच्या सात पुलांचा प्रश्न सोडवला: प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फिरून घरी येता येईल का? प्रत्येक नाक्यावर मिळणाऱ्या पुलांची संख्या सम असेल तरच येतं, आणि तिथे ती सम नव्हती. गवंतीत प्रत्येक रेघेवरून दोनदा जायचं, म्हणून प्रत्येक नाका आपोआप सम. नक्षी सलग असेल तर वाट सापडणारच. हे मी अक्कांना जमेल तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते बरोबर. पण वाट सापडली म्हणून हात थांबतो होय?"

युरोपात याच टाक्याला होल्बाइन टाका म्हणतात. हान्स होल्बाइन या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराने रंगवलेल्या माणसांच्या बाह्यांवर आणि गळ्यांवर तो बारकाईने दिसतो, म्हणून. आणि हाच तो होल्बाइन, ज्याने १५३३ मध्ये 'द अँबॅसॅडर्स' हे चित्र केलं. लंडनच्या नॅशनल गॅलरीत ते आहे. दोन श्रीमंत, विद्वान फ्रेंच माणसं उभी, मध्ये ग्रह-ताऱ्यांची यंत्रं, वाद्यं, पुस्तकं; आणि खाली जमिनीपाशी एक लांबट, तिरका डाग. समोरून कळत नाही काय आहे. चित्राच्या अगदी कडेला जाऊन तिरकं बघावं, तर ती माणसाची कवटी. पाहणाऱ्याला चकवणाऱ्या कलेबद्दल जगात कुठेही लेख लिहिला की ही कवटी त्यात येतेच. मला गंमत वाटते ती ही की, एकाच माणसाच्या नावावर दोन आश्चर्यं जमा आहेत. एक त्याने स्वतः केलेलं, ज्यासाठी माणसाला आपली जागा सोडून बाजूला जावं लागतं. दुसरं त्याने नुसतं बघून चितारलेलं, कुणा अनाम बाईच्या सुईचं, ज्यात बाजूच नाही. पहिल्याची कूटं उलगडून सांगायला पुस्तकं आहेत. दुसऱ्याला होल्बाइनचंच नाव मिळालं, बाईचं नाही.

मग इथल्या आजच्या कसूतीचं काय? मोकळं बोलायचं तर माझी निराशा होते. कुर्त्यावर कसूती आली, मोबाइलच्या पिशवीवर आली, दिवाणखान्यातल्या उशीवर आली. कापड बदललं, गोपुर तेच, हत्ती तोच. नवलगुंदच्या जमखान्याचं तसंच, कलघटगीच्या रंगीत पाळण्यांचंही तसंच. नवलगुंदला विणण्याची कला लेकींना शिकवत नसत, सुनांना शिकवत. लेक परक्या घरी जाईल, नक्षीही जाईल म्हणून. ही राखण समजण्यासारखी आहे. पण राखलेल्या वस्तूत नवं काही घालण्याची धमक वेगळी असते. पाचपुत्यांनी घरातल्या कोळशातून नवं काढलं, केरकरांनी किनाऱ्यातून. ज्या टाक्याला मागची बाजूच नाही, त्यातून आजच्या माणसाचं काहीतरी बोलता येईल हे धारवाडच्या कुणा तरुण चित्रकाराला का सुचू नये? माझ्या पाहण्यात तरी तसं आलेलं नाही. भाषिक सीमेवर राहणाऱ्यांना दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं कापड हातात मिळालेलं आहे. ते सजावटीच्या दुकानात पडून आहे, आणि आम्ही व्हेनिसच्या बातम्या वाचतो.

मेहुणे गेल्या दिवाळीत परत आले होते. अक्कांनी त्यांना साडी दाखवली. त्यांनी आपणहून आधी उलटी केली.

धारवाडला किंवा हुबळीला कसूतीची साडी घ्यायला आलात, तर दुकानदाराने पदर पसरला की तुम्हीही तेच करा. गवंतीची रेघ दोन्हीकडे सारखी दिसली तर ती हाताची. मागे बॉबिनचा वेगळा दोरा, गाठी किंवा चिकटवलेलं कापड दिसलं तर ती यंत्राची, पुढून कितीही सुबक असली तरी. किंमत त्यानंतर विचारा.